चौदा दगडांची रांग

शनिवारी पहाटे पाच वाजून बावीस मिनिटं झाली तेव्हा शुक्री झिऱ्याच्या खड्ड्याशी गुडघे टेकून बसली होती आणि वाळलेल्या भोपळ्याच्या वाटीने हंडा भरत होती. कातळाच्या भेगेतून पाणी पाझरतं; त्याला धार म्हणता येणार नाही. मे महिन्यात एक हंडा भरायला पंचवीस मिनिटं लागतात. घरटी दोन हंडे, म्हणजे पन्नास मिनिटं. मग पुढच्या घराची पाळी.

हा झिरा वाघळाच्या डोंगराच्या कुशीत, एका जुन्या उंबराखाली आहे. तिथून वीस मिनिटं खाली उतरलं की पाडा लागतो. चौदा घरं. तलासरी तालुक्यात, उधव्याच्या पुढे, डांबरी रस्त्याच्या फाट्यापासून साडेतीन किलोमीटर आत. पाड्यात नळ आहेत. दोन वर्षांपूर्वी आले, त्यांना हार घातले गेले, फोटो निघाले. पाणी तेवढं यायचं राहिलं. नळांचे खांब मजबूत असल्यामुळे त्यांना शेळ्या बांधतात.

झिऱ्यावर रांग माणसांची नसते, दगडांची असते. प्रत्येक घराचा दगड ठरलेला आहे आणि चौदा दगड उंबराच्या मुळापासून एका ओळीत मांडलेले असतात. शुक्रीचा दगड म्हणजे तुटलेल्या वरवंट्याचा अर्धा तुकडा. शेजारच्या पुतळीचा तांबूस, मधून पांढरी शीर गेलेला. एका घराने नळाच्या ओट्याचं निखळलेलं सिमेंट आणून ठेवलं आहे. पाणीयोजनेचा, शेळ्यांनंतरचा, हा दुसरा उपयोग.

पहिली पाळी पहाटे साडेचारला सुरू होते. आठ घरं झाली की अकरा दहाला झिरा मोकळा सोडतात. दुपारी साठलेलं पाणी गुरांचं. ती अडीचला येऊन पितात आणि मग उरलेली सहा घरं. साडेसातला दिवस संपतो, पहिला दगड उचलून शेवटी ठेवला जातो आणि दुसरा पहिला होतो. रात्री झिऱ्यावर कोणी जात नाही, कारण रात्री तिथे बिबट्या येतो आणि त्याचा दगड कोणी मांडलेला नाही.

रात्रभरात खड्डा काठोकाठ भरतो. आठ हंडे. पहाटे ज्याचा दगड पहिला, त्याला दोनाऐवजी आठ हंडे. ‘भरला खड्डा’ असं त्याला म्हणतात, आणि तो प्रत्येक घराच्या वाट्याला चौदा दिवसांतून एकदा येतो.

शुक्रीचा दगड शनिवारी दुसरा होता. रविवारी तो पहिला होणार होता. आणि रविवारी दुपारी बारा वाजता वेवजीहून सोळा माणसं तिच्या मुलीला, कविताला, बघायला येणार होती. तारीख शुक्रीनेच कळवली होती. त्यासाठी पंचांग कोणी पाहिलं नाही, दगड पाहिले. सोळा जणांचे हातपाय, सोळा जणांचं पिणं, भात, चहा, भांडी. दोन हंड्यांत हे होत नाही. आठांत होतं.

सहा वाजून आठ मिनिटांनी पुतळी रिकामे हंडे घेऊन आली. तिची पाळी तिसरी.

“आटप गो शुक्रे. उद्या तुझा भरला खड्डा आहे, आज तरी लोकांना ठेव जरा.”

“दोन मिनिटं आहेत माझी अजून.”

“घड्याळ लावून बसलीस जशी. तुझे शहरातले हमाल आले का?”

“साताला येतील. म्हणजे साडेसाताला.”

“आज किती?”

“दहा. आणि शेट.”

पुतळी हसली. पाठीवर बिऱ्हाड बांधून उन्हात फिरणाऱ्या माणसांना पाडा ‘हमाल’ म्हणतो. कोणाचं ओझं वाहतात, असं पहिल्या वर्षी बायकांनी शुक्रीला विचारलं होतं. स्वतःचंच, असं कळल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

शुक्री अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, शाळेत चौथीपर्यंत गेली, आणि एका ट्रेकिंग कंपनीच्या पत्रकात तिचा उल्लेख ‘स्थानिक वाटाड्या’ असा आहे. नवरा लडक्या झाईच्या एका मासेमारी बोटीवर खलाशी आहे. पावसाळ्यात बोटी बंद होईपर्यंत तो घरी फारसा नसतो. कंपनी चिखल्याच्या जतीनची. जतीनच्या घरची चिकूची वाडी आहे, भाजीपाला आहे, दोन बोअर आहेत. वाडीचं काम वडील आणि मजूर बघतात. जतीनने डोंगर घेतला. तो छत्तीस वर्षांचा आहे आणि वाघळाच्या डोंगरावर एकटा दोनदा गेला आहे. दुसऱ्यांदा त्याला शुक्रीच्या शेळ्यांनी शोधलं. तेव्हापासून ती त्याची वाटाडी आहे.

ट्रेकर लोकांसमोर जतीन तिला ‘शुक्रीमावशी’ म्हणतो. फोनवर ‘शुक्री’. ती दोन्हीकडे त्याला ‘शेट, तू’ म्हणते. तिच्या बोलीत सगळ्यांना तूच आहे, देवालाही.

गेल्या वर्षी जतीनने हे काम सांगितलं तेव्हा पाड्याची बैठक बसली. भीती एकच होती. हे लोक झिऱ्यावर आले, तर पितील. पितील तर फोटो काढतील. फोटो काढतील तर पुढच्या शनिवारी आणखी येतील. बैठकीत सर्वांत मोठ्या आवाजात शुक्रीच बोलली. “बाहेरची एक बाटली झिऱ्यात बुडाली, तर माझा दगड उचला आणि शेवटी ठेवा. अट काय ठेवायची ती हीच ठेवा.” झिऱ्याची पाळी राखणारा लहान्या पाड्यातला सर्वांत म्हातारा माणूस आहे; नाव ठेवताना कोणी एवढा पुढचा विचार केला नव्हता. त्याने अट मान्य केली आणि, सवयीप्रमाणे, लक्षात ठेवली.

डोंगराला वळसा घालून फाट्यावर परत येणारी सरळ वाट नऊ किलोमीटरची आहे आणि ती झिऱ्यावरून जाते. म्हणून शुक्रीने दुसरी वाट काढली. आधी उलट्या दिशेने उत्तरेची सोंड चढायची, धारेवरून पार टोकाला जायचं, कोरड्या नदीत उतरायचं, समोरची टेकडी चढून पुन्हा उतरायची आणि मोठ्या चक्राने फाट्यावर यायचं. तेवीस किलोमीटर. खिंडीतला एक आंबा सोडला तर झाड नाही, सावली नाही, पाणी नाही. जतीनला तिने सांगितलं, डोंगरात पाणी नाहीच, आणि दुसरी वाट आहे तिथे आग्या मोहोळं आहेत. पहिल्या फेरीत जतीन रडकुंडीला आला होता. घरी गेल्यावर त्याने जाहिरात लिहिली: ‘तेवीस किलोमीटर. एक दिवस. पाण्याचा एकही थेंब नाही. तुम्ही तयार आहात का?’

लोक तयार होते. त्यांना डोंगरापासून दूर ठेवायला शुक्रीने जे जे केलं, ते ते कंपनीने विकलं. मोहोळांचाही उल्लेख पत्रकात आला, ‘वन्यजीव’ या सदराखाली. ‘पाणी नसण्याचा अनुभव शहरात मिळत नाही,’ असा एका ट्रेकरचा अभिप्राय कंपनीच्या पानावर सर्वांत वर आहे.

शनिवारी मिनीबस सात वाजून चाळीस मिनिटांनी फाट्यावर आली. दहा जण उतरले. प्रत्येकाच्या पाठीवर साठ लिटरची सॅक. आत चार लिटर पाणी, आणि बाकी एका रात्रीचाही मुक्काम नसताना आणलेलं सामान: तंबू, झोपायची पिशवी, फुगवायची उशी, घडीची खुर्ची. ट्रेक एका दिवसाचा होता; पण वजन असल्याशिवाय तो मोजत नाहीत. शुक्रीच्या हातात कोयता आणि कापडी पिशवीत कोल्ड्रिंकची जुनी दोन लिटरची बाटली.

बॅचमध्ये धनेश होता, ठाण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याच्या मनगटावरचं घड्याळ उंची, नाडी आणि त्याला किती तहान लागली आहे हे सांगत होतं. रिया होती, तिचं काम फोटो काढणं आणि ते लोकांना दाखवणं हे होतं. बाकीच्या आठांनी दिवसभरात फारसं काही केलं नाही, फक्त चालले. त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

निघण्याआधी जतीनने गोल करून सूचना दिल्या. “कचरा टाकायचा नाही. मावशींच्या पुढे जायचं नाही. आणि डोंगरात एकावर एक रचलेले दगड दिसले, तर ती वाटेची खूण असते. आपणही जाता जाता असे मनोरे रचायचे, मागून येणाऱ्यांना उपयोग होतो.”

“मागून कोण येणार?” शुक्रीने विचारलं.

“म्हणजे, प्रथा आहे मावशी. जगभर.”

सहाव्या किलोमीटरवर धनेशने कॉफी केली. त्याच्याकडे छोटी चूल होती, दाणे दळायची हातचक्की होती, कागदाची गाळणी होती. एक लिटर पाणी उकळून पाच जणांनी दोन-दोन घोट घेतले. गाळणी धुवायला पाव लिटर लागलं. शुक्री उभी राहून बघत होती.

“मावशी, घेणार?”

“नको. मला तहान लागेल.”

अकराव्या किलोमीटरला, धारेच्या टोकाशी, पुतळी भेटली. ती गवत कापायला आली होती. मे महिन्यात तिथे कापण्यासारखं गवत नसतं. तिच्याजवळ योगायोगाने ताडगोळ्यांची टोपली होती. टोपली सहा मिनिटांत रिकामी झाली. रियाने पुतळीला विचारलं, “तुमच्या घराच्या भिंतीवर ती चित्रं असतील ना, पांढरी पांढरी? बघायला येऊ का?”

“भिंतीला पत्रा आहे,” पुतळी म्हणाली. “चित्र कुठे काढू? गंजावर?”

ऊन चढलं. बारानंतर धारेवरचा दगड बुटाच्या तळव्यातून जाणवू लागला. एकाच्या टाचेला फोड आला, एकीला मळमळायला लागलं, खुर्चीवाल्याने खुर्ची काढून बसून पाहिलं आणि पुन्हा घडी घातली, कारण खुर्चीही तापली होती. तेराव्या किलोमीटरला सगळ्यांच्या बाटल्या संपल्या. जतीनच्या हिशेबाने चार लिटर अठराव्यापर्यंत पुरायला हवं होतं. हिशेबात कॉफी नव्हती. जेवणाची जागा पुढे कोरड्या नदीत होती, पण आता तिथवर कोणी पोचण्यासारखं नव्हतं. खिंडीत एक आंब्याचं झाड होतं. शुक्री तिथे कधी थांबत नाही, कारण त्या झाडाखालून डोंगराची दुसरी बाजू दिसते. शनिवारी ती थांबली.

तिने एवढी काळजी घेतली की त्या बाजूला पाठ करून सगळ्यांना बसवलं. जतीनने घरून आणलेले थेपले वाटले. सुके थेपले पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाहीत, हे तिथे सर्वांना कळलं. शुक्रीने आपली बाटली मळमळणाऱ्या मुलीला दिली, खोडाला टेकली आणि पाच मिनिटांसाठी डोळे मिटले. ती पहाटे चारला उठली होती.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी तिने डोळे उघडले तेव्हा झाडाखाली अकरा सॅक होत्या. माणसं नव्हती.

झालं होतं ते असं. धनेशने घड्याळ बघितलं, मग फोनवरचा उपग्रहाचा नकाशा बघितला, मग मागे वळून डोंगर बघितला. करपलेल्या उतारावर एकच झाड हिरवंगार होतं. पाड्यातलं शेळ्यांमागचं पोरही सांगेल की मे महिन्यात हिरवा उंबर म्हणजे खाली पाणी. धनेशला तेच उपग्रहाने सांगितलं, त्यामुळे तो शोध ठरला. जतीन म्हणाला, “मावशींना उठवू या का?” आणि मग स्वतःच म्हणाला, “झोपू दे. बघून येऊ.” सॅक ठेवल्या, बाटल्या घेतल्या.

खिंडीतून झिऱ्यावर उतरायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली होती. शुक्रीला दहा लागली.

ती पोचली तेव्हा खड्ड्याच्या तळाशी चिखल होता. अकरा जणांनी चार-चार लिटर भरलं होतं, प्यायले होते, पुन्हा भरलं होतं, डोकी भिजवली होती आणि धनेश टॉवेल पिळत होता. उंबराखाली, जिथे रांग असते तिथे, चौदा दगडांचा मनोरा उभा होता. खाली मोठे, वर लहान. सिमेंटचा तुकडा पायाशी, टोकाला शुक्रीचा अर्धा वरवंटा. रिया जमिनीवर पालथी झोपून त्याचा फोटो घेत होती.

“मावशी, बघा ना!” ती म्हणाली. “नुसते पडले होते ओळीत. आम्ही रचले.”

शुक्रीने मनोऱ्यासमोर बसून दगड एक एक उतरवला. पहिले चार तिला ठाऊक होते. शेवटचे तीनही. मधल्या सातांचा क्रम तिला सांगता आला नसता. तो ज्याचा त्याला ठाऊक असतो, आणि ज्याचा त्याला तो नेहमी थोडा पुढचाच आठवतो. दोन वर्षांपूर्वी होळीच्या गडबडीत गुरांनी रांग विस्कटली होती. ती लावायला तीन दिवस लागले आणि दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

“हे काय होतं मावशी?” जतीनने विचारलं.

“आमची रांग होती. पाण्याची.”

“कोणाची रांग? इथे तर कोणीच—” तो थांबला. “म्हणजे तुम्हाला हे पाणी ठाऊक होतं?”

“शेट, तू गप बस जरा. मला मोजू दे.”

रिया उठून बसली. तिच्या कपाळाला माती लागली होती. “ओळ कशी होती ते पाहिजे का?” ती म्हणाली. “माझ्याकडे आहे. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही काढते मी नेहमी.”

फोटो एक वाजून बत्तीस मिनिटांचा होता. चौदा दगड, उंबराच्या मुळापासून, स्वच्छ. तीन दिवस चाललं असतं ते भांडण त्या फोटोने तीन मिनिटांत मिटवलं. शुक्रीने फोन दगडाला टेकवून ठेवला आणि रांग पुन्हा लावली. सकाळच्याप्रमाणे तिचा वरवंटा दुसरा आला, म्हणजे उद्या पहिला. दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. ती उठली, पदराने तोंड पुसलं आणि अकरा जणांना म्हणाली, “चला. वर. आत्ता.”

सगळे उठले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण फोडवाल्याला बूट परत चढवायला वेळ लागला, आणि लहान्या शनिवारी गुरं घेऊन दहा मिनिटं लवकर आला.

त्याच्या मागून पुतळी, तिच्या मागून शेळ्या घेऊन कविता. गुरांनी खड्ड्यात तोंड घातलं आणि बाहेर काढलं. लहान्याने खड्ड्यात बघितलं. मग शुक्रीकडे.

“पाणी कुठे गेलं?”

“आज झिरा कमी दिसतो,” शुक्री म्हणाली. “ऊन किती आहे, आजा. बिबट्याबी दिवसा येऊन गेला असेल.”

लहान्याने ओल्या केसांच्या अकरा माणसांवरून नजर फिरवली. बिबट्याचे ठसे त्याला दिसले असावेत, कारण ते सगळे बुटांचे होते.

धनेशला शांतता सहन होत नाही. “काका, जबरदस्त पाणी आहे!” तो पुढे येऊन म्हणाला. “एकदम थंड. आम्ही शोधून काढलं.”

पुतळीने तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांतून बाहेर आलं.

“बाटली बुडवलीस की वाटीने घेतलंस?” लहान्याने त्याला विचारलं.

“बाटलीच. फिल्टरवाली आहे, टेन्शन नाही.”

“मग झालं,” लहान्या म्हणाला. तो ओळीशी गेला, वाकला, आणि अर्धा वरवंटा उचलला.

“आजा, मी झोपले होते,” शुक्री म्हणाली. “पाच मिनिटं.”

“अट झोपेची नव्हती. बाटलीची होती.”

“उद्या माझ्याकडे पाहुणे आहेत. सगळ्या पाड्याला ठाऊक आहे.”

“सगळ्या पाड्याला ठाऊक आहे,” पुतळी म्हणाली, “कारण चौदा दिवस तू दुसरं काय बोललीच नाहीस. ‘माझा दगड उचला आणि शेवटी ठेवा.’ कोण बोललं होतं गो शुक्रे? मी तर त्या दिवशी मागे बसले होते, मलाबी ऐकू आलं.”

“तुला ऐकू येणारच. तुझा दगड पहिला होतो आता.”

“मग मी काय करू? परत देऊ? माझ्या गोधड्या धुवायच्या राहिल्यात दिवाळीपासून.”

लहान्याने वरवंटा चौदाव्या जागी ठेवला. गुरांना थोडं थांबवून घरी न्यायचं ठरलं. त्यांचं पाणी अकरा जणांच्या पोटात आणि बाटल्यांत होतं. बाटल्यांतलं परत ओता, असं कविताने सुचवलं. ट्रेकर मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यांनी ते ओतलं. अठ्ठावीस लिटर निघालं, आणि एका बाटलीत लिंबूपावडर असल्यामुळे ती म्हशीने नाकारली.

कविता बावीस वर्षांची आहे, बारावी झाली आहे, आणि आईइतकी अटीतटीची नाही. ती आकडे बघते. तिने जतीनला विचारलं, “आता कुठे जाणार तुम्ही?”

“उरलेले दहा किलोमीटर,” जतीन म्हणाला. “नदीतून.”

“कशाला? फाटा इथून साडेचार किलोमीटर आहे. पाड्यातून सरळ.”

धनेशने तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग जतीनकडे. “एक मिनिट. मग तेवीस किलोमीटर कुठून आले?”

जतीनलाही ते तेव्हाच कळत होतं. त्याने शुक्रीकडे पाहिलं. शुक्रीने खाली बसून चप्पल काढली, आतला खडा झटकला.

“तुम्हाला पाणी दाखवायचं नव्हतं, म्हणून फिरवलं,” ती म्हणाली. “दर शनिवारी फिरवते. तू खूश होतास, शेट. मला वाटलं, तुला तेच पाहिजे.”

आठ जणांपैकी एकाला हसू आलं. धनेशला आलं नाही.

“मावशी,” जतीन हळू आवाजात म्हणाला, “हे आपण नंतर बोलू. पुढच्या शनिवारी सतरा जण आहेत.”

“हो ना. तू पुढे चाल त्यांच्या. मी झोपते.”

“असं काय करता तुम्ही.” पाठीवर ऊन असताना माणसाच्या तोंडातून ‘तुम्ही’ लवकर बाहेर येतो.

“तुझ्या माणसांनी माझा भरला खड्डा प्यायला. मला तो परत पाहिजे. उद्या बाराच्या आत. आठ हंडे.”

“मी कुठून आणू?”

“तुझ्या वाडीत दोन बोअर आहेत,” कविता म्हणाली. “आठ हंडे म्हणजे एकशे वीस लिटर. वीसचे सहा जार.”

“ते ठीक आहे, जार भरून पाठवतो टेम्पोने. पण टेम्पो फाट्यापर्यंतच येईल. पुढे रस्ता कुठे आहे? साडेतीन किलोमीटर जार आणायचे कसे?”

कविताने खिंडीकडे बोट दाखवलं. “तुमच्या पिशव्या आहेत ना वर. साठ लिटरच्या. उशी काढली तर जार बसेल.”

लहान्याला हे आवडलं. तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला आणि काठीने जतीनच्या पोटरीला हलकेच टोचून बघितलं, बाजारात बैलाला बघतात तसं. “दोन खेपा करेल,” असं त्याचं मत पडलं.

धनेश म्हणाला, “वीस किलो, साडेतीन किलोमीटर, दोन फेऱ्या. वाईट नाही. मी थांबतो आज चिखल्याला.” त्याने तिथेच घड्याळात रविवारच्या व्यायामाची नोंद केली आणि तिला नाव दिलं. दुसऱ्याचं पाणी पिऊन झाल्यावर ते परत आणून देण्याला जगात साधा शब्द आहे. घड्याळात तो नव्हता. रियानेही थांबते म्हणून सांगितलं. तिला जार वाहतानाचे फोटो हवे होते.

“फोटोवरून आठवलं,” कविता म्हणाली. “तो फोन दे.”

“का?”

“त्यात जागा येते ना, कुठे काढला त्याची.”

रियाने रांगेचा फोटो पुसला, मनोऱ्याचे बारा पुसले आणि फोन परत खिशात घालणार एवढ्यात कविताने हात पुढे केला. पुसलेले फोटो फोन महिनाभर दुसऱ्या एका जागी ठेवतो. तिथूनही तिने ते काढले. मग धनेशच्या नकाशावरची खूण. “ही हलवू की पुसू?” त्याने विचारलं. शुक्रीने नकाशात न बघताच सांगितलं, “मोहोळाकडे हलव.”

तीन वाजता अकरा जण सॅक आणायला परत खिंड चढले. चढाला पन्नास मिनिटं लागली. शुक्री त्यांच्याबरोबर गेली नाही. वाट त्यांनीच शोधली होती. ती उंबराखाली बसून राहिली, आणि नवव्या घराची बाई हंडा घेऊन आली तेव्हा तिला सरकून जागा दिली.

सरळ वाटेने ते सव्वापाचला फाट्यावर पोचले. मिनीबस सातची सांगितली होती. रस्त्याकडेला उभं राहून त्यांनी आपापल्या घडीच्या खुर्च्या उघडल्या. दिवसभरात त्या पहिल्यांदाच उपयोगी पडल्या. कंपनीच्या पानावर रात्री आठपर्यंत तीन अभिप्राय आले. तिन्हींत पाच तारे होते. एकात लिहिलं होतं, ‘वाट अवघड आहे, पण शेवटी जी माणसं भेटतात ती मनात राहतात.’ म्हशीचा उल्लेख कोणी केला नाही.

साडेसातला लहान्याने झिऱ्यावर पुढच्या दिवसाची रांग लावली. अट शेवटच्या जागेची होती, म्हणून दिवसाचा पहिला दगड त्याने वरवंट्याच्या अलीकडे ठेवला. रविवारी पहाटे साडेचारची पहिली पाळी पुतळीची आहे. चिखल्याच्या वाडीतून टेम्पो सहाला निघेल आणि सव्वासातला फाट्यावर येईल. जार सहा, माणसं तीन, खेपा दोन. वेवजीचे पाहुणे बाराला येणार आहेत. शुक्रीचा दगड चौदावा आहे. तिची पाळी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, दोन हंड्यांची.